आबांनी भरलेल्या नळ्या

राहू गावच्या शिवारातल्या कोळपे वस्तीवर ऐन पौषात पुण्याच्या एका संस्थेची गाडी आली आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात प्लास्टिकची एकेक नळी ठेवून गेली. नळी बोटाएवढी. आत थोडं पाणी, झाकणाला आतून एक काडी. ती काडी सकाळच्या शौचात चार ठिकाणी टोचायची, परत नळीत घालायची आणि झाकण घट्ट लावून द्यायचं, बस. आतड्याचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, पण डोळ्यांना न दिसणारं रक्त सोडत राहतो आणि ते या नळीत सापडतं, असं संस्थेच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. वस्ती खाली मान घालून ऐकत होती. पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागं कोकणापर्यंत उतरून परत येणारी ही धनगर माणसं. त्यांच्या पोटात काय चाललंय हे विचारायला आजवर कुणी फिरकलं नव्हतं, आणि फिरकलं ते थेट हे मागायला! बायकांनी तोंडाला पदर लावले ते गाडी दिसेनाशी झाली तरी काढले नाहीत.

या गाडीला वस्तीवर आणणारी साधना, म्हणजे अनसाबाईची सून. ती वस्तीची आशा, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. शहरातल्या लोकांच्या तपासण्या होतात, आमच्या माणसांच्या का नाही, म्हणून तिने तालुक्याला खेटे घालून हे जमवलं होतं. त्यामुळे दुसऱ्या कुणी नळी भरली नाही तरी चालेल, पण आशाच्या घरच्या नळ्या रिकाम्या जाणं म्हणजे नाकच कापलं जाणं. घरात नळीला पात्र माणसं तीन. अनसाबाई, तिचा नवरा आबा, आणि आबांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको धुरपदा.

आबांचं काही अडलं नव्हतं. घोडं अडलं बायकांचं. अनसाबाईला जवळचं दिसत नव्हतं, काडी कुठे टोचायची आणि बोट कुठे ठेवायचं याचाच घोळ. धुरपदा तर नळी बघूनच ओकायला लागली. तेव्हा आबा पुढे झाले. त्यांना यातलं कळत होतं, म्हणजे निदान त्यांना तसं वाटत होतं. कळपाला जंत झाले की मूठभर लेंड्या कागदात बांधून जनावरांच्या दवाखान्यात न्यायच्या, डॉक्टर काचेखाली बघून अख्ख्या कळपाचं औषध देणार, हे काम त्यांनी जन्मभर केलेलं.

"तुमच्या तुम्ही पुड्या बांधून गोठ्यात ठिवा," ते म्हणाले. "काड्या मी टोचतो. त्यात काय एवढं?"

"आक्का, भायाच्या हातात माझं हे द्यायचं?" धुरपदा कुजबुजली. तीस वर्षांत ती या थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पडू न देता वावरलेली.

"आगं, त्यांनी मेंढरांचं काय कमी केलंय?"

"मंग मी मेंढरू हाय व्हय?"

दोघी जावा हसून हसून बेजार झाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी कागदाच्या पुड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बांधल्या. गोधड्या शिवायचा दोरा घरात होताच. अनसाबाईने आपल्या पिशवीला तांबडा गुंडाळला, धुरपदाच्या पिशवीला हिरवा. पिशव्या गोठ्यात ठेवल्या आणि आबांनी दुपारपर्यंत भरलेल्या तीन नळ्या साधनाच्या हवाली केल्या. साधनाने सासऱ्याचं वस्तीभर कौतुक केलं. आबांकडे बघून आणखी चार म्हाताऱ्यांनी नळ्या भरल्या.

पंधरवड्याने साधनाला फोन आला. राहू गाव आणि वस्ती मिळून चार जणांच्या नळीत रक्त सापडलं होतं. त्यातले तिघं एकाच घरचे. चौथा राहूतला शेखलाल, मेंढरांचा व्यापारी, आबांचा लंगोटीयार.

साधनाने ओट्यावर सगळ्यांना बसवून सांगितलं. नळीत रक्त निघालं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण पुण्याला जाऊन दुर्बीण घालून आतडं बघून घ्यायलाच पाहिजे, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. अनसाबाईला त्यातला एकच शब्द ऐकू आला. धुरपदा रडायला लागली. आणि आबा? आबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले, रांजणातून तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा तांब्या बुडवला, पुन्हा प्यायले.

 स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून अनसाबाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी काय लगीच जात न्हाई."

हा वेडेपणा बघा. धीर कुणी कुणाला द्यायचा!

दवाखान्यात रांग मोठी, तारखा होळीनंतरच्या मिळाल्या. तिघांना एकत्रच बोलावलं होतं, पण आबा म्हणाले, आधी या दोघी जाऊ द्या, ऊस तुटून गेला की मी जातो. साधनाने हुज्जत घातली. आबा ऐकेनात. बायकांचा जीव आधी, असं ते चारचौघांत म्हणाले तेव्हा अनसाबाईचे डोळे भरून आले.

खरं सांगायचं तर ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते. आबा हा माणूस वाईट नव्हता, पण चाळीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी त्यांनी स्वतःहून काही आणलं असेल तर शपथ. कळपात एखादी मेंढी लंगडायला लागली तर त्यांना लांबून दिसायचं. बायको लंगडली तर साधनाने सांगावं लागायचं. तेच आबा आता केडगावच्या बाजारातून द्राक्षं आणत होते. मऊ तळाच्या चपला आणल्या. तिची बाज उन्हात टाकून देत होते, पाण्याची कळशी तिच्या हातातून काढून घेत होते, आणि ती चुलीपुढे बसली की हे शेजारी पाटावर. उगीच बसून राहायचे. ती विचारायची, काय पायजे? ते म्हणायचे, काय न्हाई, बसलोय.

"मरायच्या टायमाला नवरा गावला बाई," ती धुरपदाला म्हणाली. दोघी यावरही हसल्या. पण अनसाबाई आतून सुखावली होती, आणि मरणाची भीती त्या सुखाने थोडी बोथट झाली होती. आपली बोरमाळ तिने नातीच्या, मोनिकाच्या गळ्यात घातली. लुगडी वाटून टाकली. आणि एका संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे आबांना बसवून म्हणाली, "माझ्यामागं मोनिकाचं शिक्षान मोडायचं न्हाई. तिच्या लग्नाची घाई करायची न्हाई. भंडारा उचला."

बिरोबाचा भंडारा उचलून दिलेला शब्द धनगराच्या घरात मोडत नाही.  आबांच्या मुठीतून हळद सांडली. तरी त्यांनी भंडारा उचलला आणि कपाळाला लावला.

मग अनसाबाई बोलली ते आजवर कधी बोलली नव्हती. मुलाच्या, सुरजच्या, आधी त्यांना एक मुलगी झाली होती. कोकणातून परतताना घाटात ती तापाने फणफणली. दवाखाना मागे राहिला होता, आबांना कळप सोडून मागे जाता येईना, आणि पोर रस्त्यातच गेली. त्याच्यावरून नवरा-बायकोत कधी भांडण झालं नाही, कारण अनसाबाईने तोंडच उघडलं नाही. पण तिने ते कधी माफही केलं नव्हतं. जेवायला वाढताना, शेजारी निजताना, देवाला जाताना ते तिच्यापाशी होतं.

"ते मी आज सोडलं," ती म्हणाली. "जाताना बरुबर न्हेत न्हाई. तुम्ही बी मनातनं काढून टाका."

आबा लहान पोरासारखे रडले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने त्यांच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवला आणि तिला वाटलं, आता मेलं तरी चालंल.

होळी झाली. केडगावहून रेल्वेने सुरज आणि साधना दोघींना घेऊन पुण्याला गेले. सुरज कारेगावला कंपनीत कामाला, त्याने दोन दिवसांची सुट्टी टाकली होती. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पाण्यात घालून तांब्यामागून तांब्या प्यायचं होतं. त्यात दोघींची जी दैना झाली तिचं वर्णन धुरपदा पुढे कितीतरी दिवस अभिनय करून करायची. ते सोडून देऊ. गुंगी उतरल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. तरुण पोरगी, पण बोलायला मऊ. म्हणाल्या, आजी, तुमचं आतडं स्वच्छ आहे. काही नाही. मावशींचंही काही नाही. साधी मूळव्याधसुद्धा नाही.

अनसाबाई खाटेवर उठून बसली आणि हात जोडून रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. मग कागद चाळत विचारलं, "दोघींच्या नळीत एवढं रक्त आलं आणि आत तर काहीच नाही. असं एखाद्याचं होतं. पण दोघींचं? नमुना कुणी भरला होता?"

"आमच्या मालकांनी."

"त्यांचीही नळी पॉझिटिव्ह होती ना? मग ते कुठायत?"

"त्यांचा ऊस चाललाय."

"त्यांना पाठवा," बाई म्हणाल्या. "लवकर पाठवा."

घरी पोचल्यावर आबांनी अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. पारावर उभं राहून सांगितलं की पुण्याची मशीन खोटी, नळ्या खोट्या, बायका दोघी ठणठणीत. माणसांना हे ऐकायला बरं वाटलं. नाहीतरी त्या नळ्यांची सगळ्यांना लाजच वाटत होती. "दोघींचं खोटं निघालं, मंग माझं खरं कसं निघंल?" आबा म्हणाले आणि माना डोलल्या. साधनाने परत तारीख घेतली, आबांनी ती चुकवली. तिने पुन्हा घेतली, आबा जेजुरीला निघून गेले. साधना वस्तीतून जायला लागली की आता लोक गालात हसत. आली नळीवाली, म्हणत. घरी येऊन ती भाकऱ्या थापता थापता डोळे पुसायची आणि अनसाबाई तिची समजूत घालायची. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न अनसाबाईच्या डोक्यात होता, नाही असं नाही. पण जगल्याच्या आनंदात माणूस नको ते प्रश्न बाजूला सारतो. द्राक्षं यायची बंद झाली होती. चुलीपाशी आबा बसत नव्हते. ती म्हणाली, चालायचंच, आता मी बरी हाय ना.

चैत्र संपत आला. पावसाळ्याआधी उकिरडा उपसून शेतात पांगवायचा, म्हणून ट्रॉली लावली होती. अनसाबाई आणि धुरपदा पाट्या भरत होत्या. खालचा थर आला, पौषातलं शेण कुजून काळं झालेलं. अनसाबाईच्या खोऱ्याला काहीतरी अडकलं. तिने हाताने ओढून काढलं. प्लास्टिकची पिशवी. गाठ मारलेली, वर तांबडा दोरा गुंडाळलेला. तिच्याच हाताचे वेढे. पिशवी उघडलीच गेली नव्हती. शेजारी हिरव्या दोऱ्याची दुसरी.

ती दोन्ही पिशव्या हातात घेऊन उभी राहिली. धुरपदाने बघितलं, तिला आधी काही उमगेना. मग तिने हळूच पदर डोक्यावर ओढला आणि बांधाकडे निघून गेली. आबा ट्रॉलीवर उभे राहून खत सारखं करत होते.

"खाली उतरा," अनसाबाई म्हणाली.

आबांनी पिशव्या बघितल्या आणि उतरले. ड्रायव्हरला त्यांनी चहा प्यायला पिटाळलं.

"ह्या हितं हायत. मंग नळ्यांत काय घातलं व्हतं?"

आबांनी हातातलं खोरं ट्रॉलीला टेकवलं.

"तुमचंच घातलं तिन्हीत?"

"धुरपदेची पुडी मी कशी उघडू, अनसा? भावजय हाय ती माझी. मला लाज वाटली. आन् मला वाटलं, माझ्यायेवढं तब्येतीनं घट कोण हाय घरात? माझं घातलं म्हंजी तिघांचं बी चांगलंच येईल. साधनाचं नाव व्हईल. मी वाईट मनानं न्हाई केलं."

आणि हे खरंच होतं. इथपर्यंत त्या माणसाचा काही गुन्हा नव्हता. अनसाबाईलाही तेवढं कळलं. तिने पुढचं विचारलं.

"निकाल आला त्या दिशी तुम्हाला समजलं व्हतं. तिन्ही बी तुमचंच."

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईत?"

"भ्यालो."

"मी बोरमाळ काढून दिली तवा बी गप बसला."

"अनसा..."

"भंडारा उचलला. मी मरणार म्हणून उचललात. माझ्या लेकराचं मी सोडलं, तुम्ही माझ्या मांडीवर पडून रडलात. तवा बी तुम्हाला म्हाईत व्हतं. म्या मेलेल्या बाईवानी सगळं वाटून टाकलं, आन् तुम्ही बघत बसलात!"

आबांनी मान वर केली. त्यांना वाटलं असावं की आपल्याकडे एक भक्कम उत्तर आहे. ते अगदी मायेने म्हणाले, "पर तुला काय बी न्हाई झालेलं, हे मला ठावं व्हतं की. म्हणून तर माझा जीव तुझ्यापुरता निवांत व्हता."

अनसाबाईने पिशव्या पाटीत टाकल्या. हा माणूस निवांत होता. तिने एकेक रात्र छताकडे बघत काढली, पोटावर हात ठेवून आत काय वाढतंय ते चाचपत राहिली, आणि तो शेजारी निवांत होता. द्राक्षं, चपला, ती उन्हातली बाज, चुलीपाशी बसणं. तिला वाटलं होतं की चाळीस वर्षांनी नवऱ्याचं लक्ष आपल्याकडे गेलं. आणि गुन्हेगार पोलिसाला चहा पाजतो तसा तो तिला द्राक्षं चारत होता. ते गोड दिवस एका क्षणात नासले. मरणाचं खोटं निघालं याचं तिला काही वाटलं नाही, पण त्या दिवसांचं खोटं निघालं हे तिला सोसेना.

"मला न्हाई ना ठावं व्हतं," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं?"

तिने पाटीतून पिशव्या परत उचलल्या.

"लेकराचं मी सोडलं म्हणलं व्हतं ना? ते परत घेतलं. ते मरणाऱ्या बाईनं दिलं व्हतं, जिती बाई लबाडाला न्हाई देत. उद्या पुण्याला चलायचं. न्हाई आलात तर ह्या पिशव्या पारावर टांगीन."

आबा गेले. सुरजच्या मागोमाग, मान खाली घालून. दुर्बिणीत जे दिसायचं ते दिसलं. मोठ्या आतड्यात डावीकडे गाठ होती. चांगली लिंबाएवढी. कापून काढता येईल, पुढे औषधं घ्यावी लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पौषात आले असते तर काही फरक पडला असता का, असं अनसाबाईने विचारलं. बाई म्हणाल्या, "लवकर आलेलं केव्हाही बरं. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही, आजी." अनसाबाईला तेवढं पुरलं.

ऑपरेशनच्या आधी आबा आठवडाभर वॉर्डात होते. ती त्यांच्या उशाशी बसली, त्यांना पेज भरवली, त्यांचे कपडे धुतले. यात तिने काही कमी केलं नाही. फक्त बोलत नव्हती. आबाच बोलायचे, आणि एकच बोलायचे. "वस्तीवर काय सांगू नको. मूळव्याधीचं ऑपरेशन म्हण. कोळप्यांच्या म्होरक्यानं बायकांच्या नळ्यांत सोताचं घातलं, हे कुणाला कळलं तर मला मेल्यावर खांदा द्यायला बी हसत हसत येतील." तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

कपडे न्यायला म्हणून ती एक दिवस घरी आली. साधना ओसरीत डोक्याला हात लावून बसलेली.

"शेखलालचाचा काय बी केल्या जायला तयार न्हाईत, आत्या. चार खेपा घातल्या. म्हणत्यात, आबाच्या घरच्या दोघी ठणठणीत निघाल्या, तुझी मशीन खोटी. त्यांचं वजन किती उतरलंय, बघवत न्हाई."

अनसाबाईने कपड्यांची पिशवी ठेवली आणि आल्या पावली राहूचा रस्ता धरला.

शेखलाल अंगणात बाजेवर बसला होता. एकेकाळी दोन मेंढे दोन काखांत उचलणारा गडी, आता सदरा खांद्यावरून घसरत होता. त्याची बायको गुलशन चहा ठेवायला आत गेली, तिला अनसाबाईने परत बोलावलं. बस, म्हणाली, तू बी ऐक. आणि तिने सगळं सांगितलं. पुड्या, उकिरडा, तांबडा दोरा, वॉर्डातली खाट. सांगताना तिला लाज वाटली नाही. लाज तिची नव्हतीच.

शेखलालने सगळं ऐकलं आणि मान हलवली. "न्हाई वहिनी. आबा आसं करायचा न्हाई."

"मी सांगतेय ना."

"तुम्ही रागात हाय. नवरा-बायकूचं काय आसंल ते आसंल. पर आबा माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई. त्यो सोता हितं आला व्हता. हितंच बसला. माझी बी तारीख व्हती त्या हप्त्यात, पोरानं, अलीमनं, गाडी सांगून ठिवली व्हती. आबा म्हणला, शेख्या, जाऊ नगंस, आमच्या दोघी बायका उगीच हाल काढून आल्या, मशीनच खोटी हाय. माझ्या गळ्यावर हात ठिवून म्हणला."

अनसाबाईला हे माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं की नवऱ्याने फसवलं ते आपल्याला, आणि ती जखम कितीही खोल असली तरी घरातली आहे. आपली लबाडी पक्की करायला तो इथे चालत आला होता. एवढ्या वर्षांचा यार, एका ताटात जेवलेला. त्याची ठरलेली गाडी त्याने मोडायला लावली होती. गुलशनने तोंडावर हात ठेवला.

अनसाबाईने कंबरेची पिशवी सोडून फोन काढला. मोनिकाने शिकवलं होतं तसं आबांचं चित्र दाबलं, मग मोठ्या आवाजाचं बटण दाबलं आणि फोन बाजेवर ठेवला.

"हां अनसा," आबांचा आवाज आला. आठवडाभर न बोललेल्या बायकोचा फोन होता, त्यामुळे आवाजात हरखलेपण होतं. "जेवलीस का?"

"मी राहूत आलेय. शेखलालभावजींच्याकडं."

पलीकडे खाट करकरली. मग दबलेला, घाईचा आवाज. "त्याला काय बोलली न्हाईस ना? आगं, मी त्याला सांगून बसलोय मशीन खोटी म्हणून. आता त्याला कळलं तर कुठल्या तोंडानं... तू मूळव्याध म्हण. ऐकतीस ना? मूळव्याधच म्हण."

अनसाबाईने शेखलालकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता. त्याने हात पुढे केला, पण फोन उचलला नाही, नुसता त्याच्याजवळ वाकला.

"आबा."

पलीकडे वॉर्डातली भांडी वाजली. कुणीतरी नर्सला हाक मारत होतं.

"आबा, मी बोलतोय. एकच सांग." शेखलालचा आवाज अगदी साधा होता, मेंढराचं वय विचारावं तसा. "माझ्या नळीत बी तूच घातलं व्हतंस का रं?"

गुलशन त्याच्या पायाशी खाली बसली. तिच्या ओठांवर दुवा होती, आणि अनसाबाईलाही त्या क्षणी मनापासून वाटलं की आबांनी हो म्हणावं. एवढं एक पाप आणखी त्यांच्या नावावर असावं.

"न्हाई," आबा म्हणाले. "तुझी तूच भरलीस, शेख्या. ती तुझीच व्हती."